यंत्राच्या गळ्यातला बिल्ला

प्रति,
मा. किरण-संरक्षण अधिकारी,
जिल्हा कामगार किरण-संरक्षण कक्ष,
दुसरा मजला, जालना.

अर्जदार : देवानंद सांडू खरात, वय ४३, वेल्ड-फोटो तंत्रज्ञ (सध्या घरी बसून), मूळ राहणार धावडा, ता. भोकरदन, हल्ली मुक्काम जालना.

विषय : माझ्या व माझ्या तीन सहकाऱ्यांच्या किरण-नोंदवहीतील ‘शून्य’ या नोंदी रद्द करून, पुरावा नष्ट होण्यापूर्वी त्या तिघांच्या रक्तातील गुणसूत्रांची तपासणी करण्याबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे सहा अर्ज. २) आपले दि. ९ जुलै २०२४ चे पत्र (किरणांचा नमुना मागणारे). ३) आपले दि. २० ऑक्टोबर २०२५ चे पत्र (तक्रार ‘निकाली’ काढणारे).

महोदय,

आधीचे सहाही अर्ज मी ‘विनंतीपूर्वक’ लिहिले होते. हा सातवा अर्ज किळस येऊन लिहीत आहे. भाषा सभ्य ठेवण्याचा प्रयत्न केला आहे, जिथे जमले नाही तिथे तसे समजून घ्यावे.

१. मी मे. पूर्णाकाठ वेल्ड तपासणी सेवा या संस्थेत अकरा वर्षे कामाला आहे. दोन लोखंडी पाइप जोडल्यावर तो जोड आतून भरीव आहे की पोकळ, हे बाहेरून दिसत नाही. म्हणून दवाखान्यात हाडाचा फोटो काढतात तसा आम्ही जोडाचा फोटो काढतो. आमच्या यंत्राला ‘कॅमेरा’ म्हणतात. शिशासारख्या जड धातूच्या या डब्यात इरिडियमचा तांदळाएवढा दाणा असतो आणि त्यातून अहोरात्र गॅमा किरण निघतात. लांब उभे राहून हँडल फिरवले की दाणा नळीतून जोडापर्यंत जातो, फोटो होतो, उलटे फिरवले की दाणा डब्यात परत येतो. तो खरोखर परत आला की नाही, हे फक्त मोजणीयंत्राचा काटा सांगतो. डोळ्यांना काहीच दिसत नाही, नाकाला वास येत नाही.

२. दि. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी शहागडजवळ गोदावरीवरच्या पाणीयोजनेच्या पाइपांचे काम चालू होते. हँडलवर धम्मपाल साळवे होता, नळी गुंडाळायला पुंजाराम शेजूळ (वय ५४, आमच्यातले सगळ्यात जुने), गाडीवर कचरू. मोजणीयंत्रात सेल नव्हते. आमचे व्यवस्थापक तातेराव यांनी ते दोन दिवसांपूर्वी काढून साइट ऑफिसच्या भिंतीवरच्या घड्याळात घातले होते, कारण घड्याळ बंद पडल्यामुळे मजूर जेवायला लवकर सुटत होते. दाणा नळीच्या टोकाशी अडकून राहिला. पुंजारामभाऊंनी नळी हाताने गुंडाळली आणि सावली पाहून माझ्या बाजेखाली ठेवली. मी भाकरी खाऊन त्या बाजेवर सव्वा तास झोपलो. बाकीचे तिघे दोन-तीन हातांवर जेवत बसले होते. उठल्यावर मला उलटी झाली, ती मी वांग्याच्या भाजीच्या माथी मारली. दुपारी फिल्म धुतल्या तर खोक्यातल्या कोऱ्या फिल्मसुद्धा काळ्याकुट्ट निघाल्या. तेव्हा धम्मपालने धावत जाऊन घड्याळातले सेल काढून मोजणीयंत्रात घातले आणि काटा या टोकापासून त्या टोकाला जाऊन अडकला. तिसऱ्या आठवड्यात पुंजारामभाऊंच्या उजव्या हाताच्या तीन बोटांची साल निघाली.

३. आता बिल्ल्याबद्दल. आमच्या प्रत्येकाच्या छातीवर एक बिल्ला असतो. अंगावर किती किरण पडले ते तो साठवून ठेवतो आणि दर तीन महिन्यांनी तो प्रयोगशाळेत वाचला जातो. त्या तिमाहीत माझ्या बिल्ल्याचे वाचन आले : शून्य. पुंजारामभाऊंचे शून्य, धम्मपालचे शून्य, कचरूचे शून्य. मागे जाऊन पाहिले तर अडीच वर्षे सगळ्यांचे शून्यच. किरणांच्या धंद्यात राहून चार माणसांना अडीच वर्षे एक कणही लागला नाही, हे वाचून आपल्या कार्यालयात कुणाची भुवईदेखील वर गेली नाही. प्रत्येक पानावर ‘पाहिले’ असा निळा शिक्का आहे. काय पाहिले, हे मात्र कुठेही लिहिलेले नाही.

४. घटनेनंतर मी आपल्या कार्यालयात येऊन रक्ततपासणी मागितली. मार्च २०२४ मध्ये माझे रक्त हिरव्या टोपणाच्या नळीत घेतले गेले. या तपासणीत रक्तातल्या पांढऱ्या पेशी दोन दिवस जिवंत वाढवाव्या लागतात, म्हणून रक्त गोठवायचे नसते, असे नळीसोबतच्या कागदावर मराठीत छापलेले होते. आपले लिपिक श्री. सोमेश्वर यांनी ती नळी कार्यालयाच्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्यात ठेवली. शेजारी कुणाचा तरी श्रीखंडाचा डबा होता. तो डबा त्याच दिवशी घरी गेला, नळी नऊ दिवसांनी मुंबईला गेली. प्रयोगशाळेने ‘पेशी मृत, नमुना निरुपयोगी’ असे लिहून ती परत पाठवली. आपण त्या शेऱ्याचा अर्थ ‘दोष आढळला नाही’ असा फाइलीत लिहिला. हे मी स्वतः वाचले आहे.

५. एप्रिलमध्ये मी दुसरी नळी रुमालात गुंडाळून, खिशात ठेवून, स्वखुशीने मुंबईला नेली. पाचशे पेशी तपासल्या गेल्या. त्यांत अडतीस द्विकेंद्री गुणसूत्रे निघाली. म्हणजे काय, ते तिथल्या मॅडमनी मला कागदावर काढून दाखवले. प्रत्येक गुणसूत्राला मध्ये एकच गाठ असते. किरणाने दोन गुणसूत्रे तुटली आणि जोडताना एकाचा तुकडा दुसऱ्याला लागला, की दोन गाठी असलेले एक विचित्र गुणसूत्र तयार होते. दोन बैलांची दावी तुटावीत आणि अंधारात कुणीतरी ती एकमेकांनाच बांधावीत, तसे. निरोगी माणसाच्या हजार पेशींत असे एखादे सापडते. माझ्या आकड्यांवरून पाऊण ते एक ग्रे मात्रा सबंध अंगाला मिळाली, असा लेखी निष्कर्ष त्यांनी दिला. साध्या भाषेत, आमच्या कामाची जी वर्षाची मर्यादा असते, तिच्या चाळीसपट मी एका दुपारच्या झोपेत घेतली.

६. या अहवालावर आपले संदर्भ क्र. २ चे पत्र आले. त्यातील वाक्य जसेच्या तसे देतो : ‘अर्जदारास अल्फा, बीटा, गॅमा, क्ष-किरण की न्यूट्रॉन यांपैकी नेमक्या कोणत्या किरणाने इजा झाली ते नमूद करून, सदर किरणाचा नमुना दोन प्रतींत साक्षांकित करून जोडावा.’ हे पत्र मी पत्नी सौ. बेबीनंदा हिला वाचून दाखवले. ती चौथी शिकलेली आहे. ती म्हणाली, “ऊन पाठवा त्याह्यला पिशवीत भरून.”

७. तरीही आपण विचारले आहे म्हणून उत्तर देतो, कारण प्रश्न मूर्खपणे विचारला असला तरी प्रश्न खरा आहे. सगळे किरण गुणसूत्रे सारखी तोडत नाहीत. अल्फा किरण कागदानेही अडतात. आपल्या टेबलावरच्या फाइलींतून ते शंभर वर्षांत आपल्यापर्यंत पोहोचणार नाहीत. पण असे किरण सोडणारा कण श्वासातून किंवा जेवणातून शरीरात गेला, तर तो वाटेत येणाऱ्या एकाच पेशीत एकमेकांना लागून अनेक घाव घालतो आणि गुणसूत्रांचा असा गुंता करतो की तो सुटत नाही. न्यूट्रॉनचेही थोडे तसेच, थोड्या मात्रेतच भरपूर मोडतोड. बीटा जेवणाच्या डब्याच्या झाकणाने अडतो, कातडी जाळतो. गॅमा आणि क्ष-किरण आरपार जातात, घाव विरळ टाकतात, म्हणून थोड्या मात्रेत नुकसान कमी दिसते. पण मात्रा दुप्पट झाली की नुकसान दुपटीहून जास्त वाढते. त्यातही क्ष-किरण गॅमापेक्षा थोडे जास्त तोडतात, म्हणून प्रत्येकाचे मोजमापाचे कोष्टक वेगळे असते. माझ्या बाबतीत इरिडियमचे गॅमा किरण होते, प्रयोगशाळेने गॅमाचेच कोष्टक वापरले, हे अहवालाच्या पहिल्या पानावर पाचव्या ओळीत आहे. आपण पहिले पान वाचले असते तर कागद वाचला असता. नमुना हवाच असेल तर तो माझ्या दंडात आहे.

८. डिसेंबर २०२४ च्या सुनावणीत श्री. सोमेश्वर यांनी आपल्यासमोर सांगितले, “बिल्ला बराबर हाय सायेब. रगताचं काय, काल काय खाल्लं त्याच्यावरबी बदलून राह्यतंय.” आपण मान डोलावली. माझ्या रक्तात काहीच नाही असे म्हणणारे हेच गृहस्थ सुनावणीभर माझ्यापासून तीन खुर्च्या लांब बसले होते. मी पाणी प्यायलो तो पेला त्यांनी खिडकीतून खाली टाकला. गॅमा किरण लागलेला माणूस दुसऱ्याला काही लावत नाही. दिवा विझल्यावर त्याचा उजेड कुणाच्या अंगाला चिकटून राहत नाही. हे आपल्याच कक्षाच्या जिन्यातल्या फलकावर लिहिलेले आहे. तो फलक पान खाऊन थुंकण्याच्या कोपऱ्यात लावलेला असल्यामुळे खालच्या चार ओळी दिसत नाहीत.

९. आता बिल्ल्याचे वाचन शून्य का आले, ते सांगतो. हे मला सुनावणीनंतर बिल्ले वाचणाऱ्या प्रयोगशाळेला पत्र लिहिल्यावर कळले आणि ते लिहिताना मला आपली नाही, माझीच शिसारी येत आहे.

बिल्ल्यांच्या प्रत्येक पाकिटात एक बिनानावाचा बिल्ला येतो. तो कुणीच घालायचा नसतो. किरणांपासून लांब, एखाद्या कोरड्या कपाटात ठेवायचा. जमिनीतून, आकाशातून सगळ्यांनाच जे थोडेफार किरण मिळतात ते तो टिपतो, आणि त्याचा आकडा बाकीच्या बिल्ल्यांतून वजा करतात. २०२१ च्या खंडेनवमीला आम्ही गाडी, हँडल, पाने, नळ्या मांडून पूजा केली. कॅमेऱ्याला हळदकुंकू लावले. तेव्हा पाकिटात एक बिल्ला उरलेला दिसला. तातेराव म्हणाले, “समद्याह्यला बिल्ला हाय, मंग मशीनलाच काहून न्हाई?” सगळ्यांना ते पटले. यंत्र आपले पोट भरते, त्याचाही मान असतो. मी तो बिल्ला झेंडूच्या माळेत ओवून कॅमेऱ्याच्या कडीला बांधला. दर तिमाहीला जुना सोडून नवा मीच बांधत आलो. इरिडियमच्या डब्याला चिकटून तो तीन-तीन महिने किरण पीत राहिला, आणि त्याचा तो प्रचंड आकडा आमच्या चौघांच्या आकड्यांतून वजा होत राहिला. आमच्या अंगावर कितीही पडले असते तरी उत्तर शून्यच आले असते. यंत्राने जेवढे खाल्ले तेवढे आमच्या नावाने माफ झाले.

‘बिनानावाचा बिल्ला किरणांपासून दूर ठेवणे’ हे वाक्य माझ्या प्रशिक्षणाच्या वहीत माझ्याच अक्षरात आहे. त्या पानाची छायाप्रत सोबत जोडली आहे, कारण उद्या आपणच ती शोधून काढावी त्यापेक्षा मीच दिलेली बरी. माझ्यावर जी कारवाई करायची ती करावी. परंतु प्रयोगशाळेने ‘बिनानावाच्या बिल्ल्याचे वाचन असाधारण, ठेवण्याची जागा तपासावी’ असे तीन वेळा लेखी कळवले होते. तिन्ही पत्रे संस्थेकडून आपल्याकडे आली. तिन्हींवर ‘पाहिले’ आहे. मी अडाणीपणाने बांधले, तातेरावांनी भाबडेपणाने बांधायला लावले. आपल्याला मात्र कळवण्यात आले होते.

१०. ऑगस्ट २०२५ मध्ये आपण माझी फेरतपासणी करवली. या वेळी पाचशे पेशींत एकवीस द्विकेंद्री निघाली. संदर्भ क्र. ३ च्या पत्राने आपण कळवता, ‘प्रकृतीत लक्षणीय सुधारणा, सबब तक्रार निकाली. अर्जदाराने पंधरा दिवसांत कामावर रुजू व्हावे.’ महोदय, मी सुधारलो नाही. त्या पेशी मेल्या. रक्तातल्या अशा खुणा असलेल्या पेशी हळूहळू मरत जातात, दोन-तीन वर्षांत साधारण निम्म्या उरतात, कुणाच्यात आधी, कुणाच्यात नंतर. एक एक साक्षीदार मरून गेला आणि आपण म्हणता खटलाच बरा झाला. हे वाचल्यावर मला दुसऱ्यांदा उलटी झाली, आणि या वेळी ताटात वांगे नव्हते.

११. माझे जे व्हायचे ते नोंदले तरी गेले. प्रश्न त्या तिघांचा आहे. पुंजाराम, धम्मपाल आणि कचरू यांचे रक्त अद्याप एकदाही घेतलेले नाही. ‘शून्य वाचन असलेल्या कामगाराची तपासणी नियमात बसत नाही,’ असे आपले उत्तर आहे. ते तिघे आजही त्याच कॅमेऱ्यावर काम करतात. एकवीस महिने होत आले. आणखी वर्ष-दीड वर्ष गेले तर त्यांच्या रक्तातही काही सापडणार नाही, आणि पुढे कुणाला काही झालेच तर हाच कक्ष शून्याचे कागद पुढे करील. मला आता अशी शंका येते की आपण विसरलेले नाही, आपण वाट पाहत आहात.

१२. एक अडचण प्रामाणिकपणे नमूद करतो. धम्मपाल आणि कचरू रक्त द्यायला कधीपासून तयार आहेत. पुंजारामभाऊ तयार नव्हते. त्यांची मुलगी चि. शीतल हिचे लग्न या महिनाअखेर पिंपळगाव रेणुकाईच्या एका घरी ठरले आहे. आपल्या कक्षाची पद्धत अशी की तपासणीला बोलावलेल्यांची नावे, गाव आणि ‘किरणबाधित’ असा शेरा तळमजल्यावरच्या फलकावर लावायचा. माझे नाव लागले तेव्हा आमच्या गल्लीत तीन घरांनी बेबीनंदाला हळदीकुंकवाला बोलवायचे बंद केले. बापाच्या रक्तात दोष, मग पोरीच्या पोटी काय निपजेल, असे लोक बोलणार हे पुंजारामभाऊंना ठाऊक होते. ते मला म्हणाले, “लगीन होऊ दे देवानंदा, मंग बादलीभर काढा.” मी त्यांना खूप समजावले, त्यांनी ऐकले नाही. मी शेवटी त्यांना बिल्ल्याचे खरे सांगितले, की तुमचे शून्य माझ्या हाताने बांधलेले आहे. सोललेल्या बोटांनी त्यांनी चहाची बशी उचलली आणि न पिता खाली ठेवली.

१३. सबब मागणी अशी :
(अ) २०२१ च्या चौथ्या तिमाहीपासूनच्या आम्हा चौघांच्या शून्य नोंदी रद्द करून तिथे ‘मात्रा अज्ञात’ असे लिहावे. चुकीच्या शून्यापेक्षा खरे अज्ञान बरे.
(ब) तिघांना आजच कॅमेऱ्यावरून उतरवावे.
(क) तिघांची रक्ततपासणी तात्काळ करावी. नळीवर नाव नको, क्रमांक असावा. फलकावर काहीही लागू नये. अहवाल बंद पाकिटात ज्याच्या त्याच्या हातात द्यावा.
(ड) मला कामावर रुजू होण्याचा आदेश मागे घ्यावा, किंवा आपण स्वतः माझ्यासोबत एक दिवस साइटवर येऊन त्या बाजेवर बसावे.

१४. हा अर्ज इथेच संपणार होता. परंतु काल सकाळी शीतल माझ्या घरी आली. वडिलांनी तिला काहीच सांगितले नव्हते, त्यांची अजूनही न भरलेली बोटे पाहून तिने अखेर धम्मपालला विचारले. तिथून ती थेट एस.टी.ने पिंपळगावला गेली होती, एकटी, होणाऱ्या सासूसमोर बसली आणि सगळे सांगून आली. काय झाले, असे मी विचारले. ती म्हणाली, “त्याह्यनी आठ दिवस मागितले काका. विचार करून कळवतो म्हणले. कळवू द्या न्हाईतर न्हाई. बापाचं रगत झाकून मला कोणाच्या उंबऱ्यात जायचं न्हाई.” मग तिने, परत आल्यावर वडिलांकडून भरून घेतलेले संमतिपत्र पिशवीतून काढून माझ्यासमोर ठेवले. त्यावर सही आहे. पेन धरवत नव्हता म्हणून ती डाव्या हाताने केलेली आहे, कृपया अक्षर जुळत नाही असे कारण काढू नये.

सोमवार दि. १७ नोव्हेंबर २०२५ रोजी सकाळी अकरा वाजता आम्ही चौघे बाह्या वर करून आपल्या दारात उभे राहू. शीतल सोबत येणार आहे. सगळ्यांत पुढे तीच असेल. पिंपळगावहून उत्तर आलेले असेल किंवा नसेल.

आपला, अजून तरी नम्र,

(सही)
देवानंद सांडू खरात
दि. ७ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) रक्ततपासणी अहवाल, एप्रिल २०२४ व ऑगस्ट २०२५.
२) प्रयोगशाळेची तीन पत्रे, ‘पाहिले’ शिक्क्यांसह.
३) माझ्या प्रशिक्षण वहीतील पान क्र. १४ ची छायाप्रत.
४) धम्मपाल साळवे व कचरू यांची संमतिपत्रे.
५) पुंजाराम शेजूळ यांचे संमतिपत्र, साक्षीदार म्हणून त्यांच्या मुलीच्या सहीसह.